नदीपल्याडचं शेत आणि माझी हवेवरची होडी

आखातात मी नक्की काय काम करायचो हे आमच्या गावाला आजही ठाऊक नाही, आणि तशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. पहिल्या सुटीत घरी आलो तेव्हा देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय रे, बोटीवर हायस काय?" मी म्हटलं, "बोट नाय ओ आजोबा. पाण्यावरनं चालतं नि जमिनीवरनं पण चालतं. पंख्यावर." पंखा म्हटल्यावर लोकांनी त्याचं विमान केलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी पायलट झालो होतो. मी नाही म्हणालो नाही. गणपतीच्या आरतीला पायलटला पुढे उभं करतात.

खरं काम हमालीचं. ती मालवाहू होव्हरक्राफ्ट होती, माझ्या भाषेत हवेवरची होडी. तिथला किनारा उथळ, धक्का नाही, त्यामुळे मोठं जहाज लांब समुद्रात उभं राही. आमची होडी जाऊन त्याला चिकटायची. लाकडी पॅलेटवर रचलेला, जाळीनं आवळलेला माल क्रेन आमच्या पाठीवर ठेवायची. पीठ, कांदे, औषधं, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर नुसत्या खुर्च्या. मग पंखे सुरू. होडीच्या चारी बाजूंनी रबराचा घेर असायचा, त्याला तिथे स्कर्ट म्हणत. त्यात हवा भरली की ते सगळं धूड पाण्यावरून उचललं जायचं आणि सुसाट निघायचं ते थेट वाळूवर. पाणी कुठे संपलं नि जमीन कुठे सुरू झाली, त्या होडीला पत्ताच नसायचा. वाळूवर बसली की तोंड उघडायचं, फोर्कलिफ्ट आत, पॅलेट बाहेर, आणि चला परत.

पॅलेट बांधायचं, सोडायचं आणि वजन मधोमध आहे ना बघायचं, एवढंच माझं काम. चालवायला मला कुणी कधी हात लावू दिला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. पहिल्याच दिवशी, होडी उचलली जाते कशी ते बघायला म्हणून मी घेराजवळ वाकून उभा राहिलो होतो. हवा सुटली. डोक्यावरची टोपी इराणच्या दिशेला गेली, आणि मी अंगभर ओली वाळू लावून, फक्त डोळे पांढरे ठेवून कप्तानासमोर हजर झालो. त्यानंतर तो मला नावानं न बोलवता 'ए, समुद्रकिनारा' म्हणायचा.

पण होडी पाण्यावरून वाळूवर चढायची तो एक क्षण मला फार आवडायचा. धक्का नाही, खडखड नाही. वाटायचं, हीच अशी न थांबता पुढे गेली तर? वाळवंटातून, समुद्रावरून, बाणकोटच्या खाडीत शिरून, दासगाव, महाड मागे टाकून आमच्या नदीनं वर. बायको साकवावर उभी असेल, आणि मी पॅलेटवर बसून तिच्यासमोर उतरेन. वर्षानुवर्षं मी हे मनात चालवलं. मनात मात्र स्टिअरिंग माझ्याच हातात असायचं.

आता घरी येऊन राहिलोय, तर तो क्षण आठवतो. सकाळी चहा घेताना मधेच हात थांबतो. बायकोला लगेच कळतं.

"गेलात वाटतं वाळूवर?"

"नाय गो. इथंच हाय."

"तिकडं होतात तवा हिकडचं, हिकडं आलात तर तिकडचं. एक काय ते ठरवा, म्हणजे चहा तरी गरम प्याल."

तिला बोलायचा हक्क आहे, कारण मी नव्हतो ती सगळी वर्षं शेती तिनं केली. आमचं गाव महाड नि पोलादपूरच्या मधलं, सावित्रीच्या काठावरचं. घरामागची दोन खाचरं सोडली तर आमचं खरं शेत नदीपल्याड आहे. घराच्या पडवीतून दिसतं. मधे नदी, नदीवर लाकडी साकव होता, तो मोठ्या पुरात गेला. नवा मंजूर आहे असं ऐकतो. तो मंजूरच आहे.

साकव होता तेव्हा लावणीला सावड चालायची. पल्याडच्या वाडीतल्या बायका आमच्या शेतात, आमच्या त्यांच्या शेतात. मजुरी नाही, आज तुझं उद्या माझं. त्या वाडीतली एक बाई माझ्या बायकोची जोडीदारीण. दोघी एकमेकींना 'बाय' म्हणतात, मीही तिला बायच म्हणतो. मी आखातात खुर्च्या उतरवत होतो ती सगळी वर्षं या दोघी खांद्याला खांदा लावून चिखलात वाकलेल्या. एकीनं गाणं धरायचं, दुसरीनं उचलायचं, आणि मधल्या जागेत मला शिव्या घालायच्या. हे मला बायनंच एकदा सांगितलं, फार आनंदानं.

साकव गेल्यावर बायको महामार्गाच्या पुलावरून वळसा घालून, पुढे डोंगराच्या पायथ्यानं रोपांचे भारे डोक्यावर घेऊन जायची. मग त्या पायवाटेवर दरड आली. गेल्या पावसाळ्यात शेत पडीक राहिलं. वाडीकडे जायचा तेवढा एकच रस्ता उरला, पोलादपूरकडून डोंगर चढून पलीकडे उतरायचा, आणि त्यात अख्खा दिवस जातो. भारे घेऊन तर नकोच. रोपं तिकडेच का नाही करत, असं मुंबईचे पाहुणे विचारतात. तिकडे रोपांचा राब केला की रानडुकरं तो रात्रीत संपवतात. घराजवळ असला तर निदान आपण ओरडू तरी शकतो.

बायको संध्याकाळी पडवीत बसून पल्याड बघायची. शेतात गवत वाढत होतं. बाय कधी काठावर आली तर दोघी हात हलवायच्या. फोन करायचा तर रेंज नदीत उतरत नाही. बायला बोलायला डोंगरावर चढावं लागतं आणि आमच्या हिला हमरस्त्यावर यावं लागतं. दोघी एकाच वेळी चढल्या-उतरल्या तर बोलणं.

त्यात एकदा चुकून घरात रेंज आली नि मुंबईहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "औंदा पण पडीक ठेवलंत तर देऊन टाकू बाबा. गिऱ्हाईक आलंय. बंगला बांधायचा म्हणतोय." फोन स्पीकरवर होता. बायको तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

भावाचंही चुकीचं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "बंगला झाला की कंपाउंड घालतील. मग बाय दिसायची पण नाय."

तिथे मी तोंड उघडलं.

"मी नेतो रोपं पल्याड."

"कशी?"

"पॅलेटवर. हवेवरच्या होडीनं."

बायकोनं निवडलेल्या तांदळातला एक खडा उचलून माझ्याकडे फेकला.

साधी होडी का नाही, हे तिनंही विचारलं. पण आमच्याकडे नदी म्हणजे नुसता कातळ. मधे पाणी जोरात, काठाला गुडघाभर गाळ. होडी कातळावर आपटेल नाहीतर गाळात बसेल. हवेची होडी पाण्यावरून गाळावर, गाळावरून थेट शेतात जाईल. सांगताना माझा आवाज आखातातल्या कप्तानासारखा झाला होता. बायकोनं घेराबद्दल विचारलं, मी स्कर्ट म्हणालो, तर ती हसत सुटली. "म्हणजे परकर! परकर घातलेली होडी!" त्या दिवसापासून आमच्या घरात त्या यंत्राला परकरवालीच म्हणायचे.

महाडला माझा एक दोस्त आहे, पंप-इंजिनं दुरुस्त करतो. पुरात त्याचं गॅरेज छतापर्यंत बुडालं होतं. तेव्हापासून पाण्यावर तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला आदर आहे. त्यानं जुन्या पाणीपंपाचं इंजिन काढलं, त्याला भात वारवायचा मोठा पंखा जोडला. खाली जाड प्लायवूड, भोवती ताडपत्रीचा घेर. पुढे ढकलायला पंखा बसवू या म्हणाला, तेव्हा मीच नको म्हटलं. वळवायचं कसं ते मला येत नव्हतं, पण तसं बोललो नाही. म्हटलं, "दोरीनं ओढू. सेफ पडतं."

"जशी आज्ञा, कॅप्टन," तो म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं.

मे महिन्यात पहिली चाचणी घेतली. परकरवालीला सपाट जागा लागते, आणि आमच्या आळीत सगळ्यात सपाट जागा म्हणजे चुलतीचं खळं. ताजं शेणानं सारवलेलं, आरशासारखं. तिथं आंबापोळ्या नि कोकमं वाळत घातली होती, ती मी नीट एका कडेला सरकवली. कडेला म्हणजे कुठे, याचा विचार दोस्तानं करायला हवा होता असं मला अजून वाटतं. इंजिन सुरू केलं. घेर फुगला, फळी थरथरली आणि चार बोटं उचलली गेली. खरोखर उचलली गेली! मी एका बोटानं ढकलली तर ती सरकली, पाण्यावरून वाळूवर सरकायची तशीच. माझ्या घशात काहीतरी आलं. ते शेण होतं. सगळी धूळ, शेणाचे पापुद्रे आणि कोकमं घेराखालून चारी दिशांना सुटली होती. चुलतीची एक कोंबडी पाठीला कोकम चिकटवून दोन दिवस फिरत होती. चुलती आजही मला आमसुलं देत नाही.

पण ती उचलली गेली होती. बायकोनं ते बघितलं होतं. संध्याकाळी ती हमरस्त्यावर गेली आणि बायला फोन लावला. मी मागे उभा होतो.

"बाय, चिखळणी करून ठेव गो. तुमचे बैल, आमची रोपं. होय, औंदा येतेय मी. परकरवालीवर बसून येतेय!" तिकडून बाय काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण बायको रस्त्यात उभी राहून इतकी हसली की एक ट्रकवाला हळू झाला.

आषाढात चांगली उघाड पडली आणि नदी थोडी उतरली तेव्हा आम्ही दिवस धरला. आदल्या दिवशी राबातून रोपं उपटली, मुठी बांधल्या. महाडच्या एका दुकानाच्या मागून मी एक लाकडी पॅलेट मागून आणलं होतं, त्यावर मुठी रचल्या, वर जाळी आवळली, गाठी मारल्या. इतक्या वर्षांनी हातांना ते बरोबर आठवलं. आणि मुळं सुकू नयेत म्हणून ते अख्खं पॅलेट ओहोळाच्या पाण्यात ठेवलं, रात्रभर. मुठी पाण्यात ठेवायच्या असतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी आखातात शिकलेलं आणि घरी शिकलेलं, दोन्ही एकदम वापरलं, तिथं घात झाला. कारण चाचणीच्या वेळी माल म्हणून मी भाताच्या तुसाची पोती ठेवली होती. कोरडी.

सकाळी पल्याड बाय आणि वाडीतल्या बायका आल्या. शेत चिखळून तयार होतं. आमच्या काठावरूनच चकाकताना दिसत होतं. दगडाला बांधलेली पातळ सुतळी गोफणीतून पल्याड टाकायचं काम बायकोचं, कारण पाखरं राखताना तिचा हात बसलाय. मी आधी हातानं फेकून बघितली होती. ती जाऊन दोस्ताच्या पाठीत बसली होती. बायकोनं गोफण दोनदा फिरवली, दगड नदी ओलांडून बायच्या पायाशी पडला. सुतळीला दोर बांधला, तो त्यांनी ओढून घेतला.

बायको परकरवालीजवळ आली. नवं लुगडं नव्हतं, पण नेसलेलं स्वच्छ होतं, आणि केसात अबोली. लावणीला अबोली मी कधी बघितली नव्हती.

"सरका जरा. कुठं बसू?"

"आत्ता नाय. पहिली खेप मालाची."

"अवो, मी काय जड हाय काय?"

"मालाबरोबर माणूस नाय. नियम असतो. दुसऱ्या खेपेला तू."

 ती माझ्याकडे बघत मागे सरकली. आखातात मला कुणी नियम विचारला नव्हता, मीच पाळायचो. आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याला नियम सांगायला मिळाला होता. मी तो सांगितला.

इंजिन लागलं. घेर फुगला, पण फळी जेमतेम हलली.

"कॅप्टन, जड झालंय रे," दोस्त ओरडला.

"पाण्यात गेली की हलकी होते," मी ओरडलो. हे मी त्याच क्षणी तयार केलं.

पल्याडच्या बायकांनी दोर ओढला. आम्ही मागून ढकललं. परकरवाली गाळावरून घसरत पाण्यात शिरली, आणि खरं सांगतो, थोडा वेळ ती चालली. भोवती पाण्याचे तुषार, वर हिरवं पॅलेट, पल्याड बायका होऽऽ करून ओढतायत. माझ्या डोळ्यांसमोर आखातातली वाळू आणि आमचं शेत एकमेकांवर चढलं. बायको माझा दंड धरून उभी होती. तिला स्वतःला ते कळलंही नसावं.

मग मधल्या कातळाशी ती आली. रिकामी असती तर वरून गेली असती. ओल्या मुठींनी तिला पाण्यात दाबून धरलं होतं. ताडपत्री कातळावर घासली, फर्रकन फाटली, सगळी हवा एका बाजूनं निघून गेली आणि फळी कलली. इंजिनात पाणी गेलं, आवाज थांबला. पॅलेट घसरून नदीत पडलं आणि वाहायला लागलं. लाकडीच ते, बुडालं नाही. जाळीही सुटली नाही. माझ्या सबंध नोकरीचं सार्थक त्या गाठींनी केलं.

पल्याडच्या बायकांनी दोर टाकला आणि काठानं धावत सुटल्या. सगळ्यात पुढे बाय, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. खालच्या वळणावर पाणी मंदावतं, तिथे त्यांनी बांबूनं पॅलेट अडवलं, कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओढून काढलं. जाळी सोडली, मुठी डोक्यावर घेतल्या आणि ओळीनं वर आमच्या शेताकडे निघाल्या. रोपं उपटली की थांबवून ठेवता येत नाहीत. उजेड आहे तोवर लावायची.

आम्ही तिघं अल्याड. परकरवाली कातळाला अडकून तिरकी पडलेली.

"गेली गो," मी बायकोला म्हटलं, "दुसरी खेप."

तिनं ऐकलं नाही. ती पल्याड बघत होती. बायका शेताच्या बांधावर पोचल्या होत्या, पण आत कुणी उतरत नव्हतं. मुठी बांधावर ठेवून सगळ्या आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या. बाय हात हलवत होती, काहीतरी ओरडत होती, पाण्याच्या आवाजात ते पोचत नव्हतं.

"काय झालं? का लावत नायत?" दोस्तानं विचारलं. तो पडला बाजारातला माणूस.

"पहिली मूठ घरच्या बाईनं लावायची असते," मी म्हटलं. "ती लावत नाय तोवर कुणी हात नाय लावायचा."

"मग सांगा ना त्या बायला, लाव म्हणून!"

बायको दोन्ही हातांनी खुणा करत होती. लाव, लाव, तूच लाव. पल्याडून बाय मान हलवत होती. नाय. तिनं बांधावर बैठक मारली. बाकीच्याही बसल्या. मला क्षणभर रागच आला, की दिवस चाललाय, आभाळ पुन्हा भरतंय, भाऊ तिकडे गिऱ्हाईक घेऊन बसलाय, आणि या बायका रीत धरून बसल्यात. पण बायको रागावली नाही. डोळे पुसत होती, आणि हसतही होती.

पॅलेटवर न मावलेल्या मुठी आमच्या काठावर पडल्या होत्या. तिनं त्यातली एक उचलली. पाण्याच्या कडेला गाळात उतरली, पल्याड तोंड करून वाकली, आणि मुठीतली चार-चार रोपं काढून सावकाश नदीच्या गाळात रोवायला लागली. एक रांग. शेतात लावतात तशीच, हातभर अंतर ठेवून. नदी पुन्हा चढली की पाणी ती रोपं घेऊन जाणार हे तिला ठाऊक होतं.

ती सरळ उभी राहिली आणि चिखलाचा हात वर केला.

पल्याड बाय उठली. तिनंही हात वर केला. मग ती शेतात उतरली आणि वाकली. तिच्या डाव्या हाताला, माझी बायको लावायची तिथे, एका बाईची जागा मोकळी ठेवून बाकीच्या बायका त्यापलीकडे रांगेत लागल्या. मोकळी जागा तशीच मागे मागे सरकत होती, आणि बाय आपल्या वाट्याबरोबर तेवढीही लावत होती.

दोस्त दोर गुंडाळायला लागला. मी त्याला मदत करायला हवी होती, पण मी बायकोशेजारी गाळात उभा राहिलो. म्हटलं, "साकव झाला की..."

"गप बसा जरा," ती म्हणाली. "गाणं धरलंय त्यांनी."

मला नुसतं पाणी ऐकू येत होतं. तिला गाणंही ऐकू आलं असणार, कारण थोड्या वेळानं तिनं खालच्या आवाजात पुढची ओळ उचलली. आणि मधेच ती तोडून, दोन्ही हात तोंडाशी धरून, ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही ओरडली, "दाट नका लावू गोऽऽ!"